हीटरवरचा कर

माझं माहेर ताबोरचं, युरोपातून येऊन वसलेल्या बोहेमियन लोकांच्या गावातलं. आमच्याकडे राग आला की दारं आपटतात, एकमेकांचा उद्धार करतात आणि संध्याकाळी एकाच टेबलाला बसून जेवतात. लग्न होऊन मी नॉर्डबीत आले, या नॉर्वेवाल्यांच्या गावात, आणि इतकी वर्षं झाली तरी मला या माणसांचा उलगडा झालेला नाही. इथे माणूस रागावला की हवेबद्दल बोलतो. फारच रागावला तर तेही बोलत नाही. माझा नवरा गेलन त्यातलाच, आणि त्याचा लहानपणापासूनचा दोस्त वर्डेल त्याच्याहून वरचढ. दोघं तास तास न बोलता बसायचे आणि उठताना म्हणायचे, छान गप्पा झाल्या. मी कपाळाला हात लावायची.

आमचं हार्डवेअरचं दुकान. खिळे, रंग, नळाचे तुकडे, कुत्र्याचं खाणं, शेगड्या, हीटर, सगळं. मागच्या बाजूला एक गोल टेबल आहे, तिथे रोज सकाळी कॉफी. चामड्याच्या पेल्यात फासे हलवायचे, ज्याचे सगळ्यात कमी पडतील त्यानं सगळ्यांच्या कॉफीचे पैसे डब्यात टाकायचे. वर्डेल जवळजवळ रोज हरायचा. शाळेची बस चालवून निवृत्त झालेला मायलो त्याला म्हणायचा, "तुझी गाय विक, कॉफीला पैसे होतील." वर्डेल म्हणायचा, "गायीला विचारतो."

त्या वर्षी टेबलावर एकच विषय होता, कर. आमच्या राज्यानं कायदा केला होता की बाहेरून इंटरनेटवर माल विकणाऱ्या मोठ्या कंपन्यांनीही इथला विक्रीकर गिऱ्हाइकाकडून घेऊन भरायचा. प्रकरण कोर्टात गेलं आणि चढत चढत वॉशिंग्टनला सगळ्यात वरच्या कोर्टात पोचलं. तोवर त्यांचा माल बिनकराचा आणि आमचा करासकट. शंभर डॉलरला साडेसहा. लोक आमच्याकडे येऊन वस्तू हातात घेऊन बघायचे, गेलनला प्रश्न विचारून विचारून भंडावून सोडायचे, फोनवर डब्याचा फोटो काढायचे आणि "विचार करतो" म्हणून जायचे. दोन दिवसांनी पार्सलची गाडी त्यांच्याच घराकडे वळताना मला खिडकीतून दिसायची. माझी अशी तळपायाची आग मस्तकात जायची. गेलन म्हणायचा, "असू दे, लिबी."

त्याला काही वाटत नव्हतं असं नाही. कायदा व्हायच्या आधी तो राज्याच्या राजधानीत, पिएरला जाऊन आमदारांच्या समितीपुढे बोलून आला होता. माझ्याशी महिनाभरात बोलत नाही तेवढं तो तिथे बोलला. दुकान आम्ही किती दिवस रेटू शकू हे आम्हाला दोघांनाही ठाऊक होतं, फक्त ते तोंडानं म्हणत नव्हतो.

"मला एक सांग गेलन," वर्डेल फासे हलवत म्हणायचा, "तो विकणारा बसलाय हजार मैलांवर. त्याचं इथे दुकान नाही, गोदाम नाही, एक कुत्रंसुद्धा नाही. त्यानं आपल्या राज्याचा कर का म्हणून गोळा करायचा?"

"मग त्याचं पार्सल तुझ्या दाराशी काय उडत येतं? रस्त्यावरचा बर्फ कोण काढतं?"

"रस्त्याचे मी जमिनीच्या करात भरतो. चिक्कार भरतो."

"कायदा काय म्हणतो? विकणाऱ्यानं नाही घेतला, तर घेणाऱ्यानं आपण होऊन भरायचा."

"तू बघितलायस कुणी भरलेला? मायलो, तू भरतोस?"

"मी चर्चच्या दानाच्या ताटातसुद्धा सुटे टाकतो," मायलो म्हणायचा. "मला कशाला विचारतोस?"

सगळे हसायचे, गेलनही हसायचा. वर्डेलचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. त्यानं आयुष्यभर सरकारला पैसे मोजले होते आणि बदल्यात त्याला कागद मिळाले होते. पण आमचं म्हणणंही चुकीचं नव्हतं, आणि दुकान आमचं बुडत होतं.

नोव्हेंबरात वर्डेल हीटर बघायला लागला. तळं गोठलं की तो बर्फावर आपली मासेमारीची खोपी ओढून नेतो. लाकडी खोपटं, बर्फातून गळ सोडायला जमिनीला भोकं, आत एक बाक, एक खुर्ची. हिवाळाभर त्याचं अर्धं आयुष्य तिथेच. जुनी शेगडी त्याची गंजून गेली होती. आमच्याकडे गॅसवर चालणारा एक चांगला हीटर मांडून ठेवला होता, धूर भिंतीतून नळीनं बाहेर काढणारा. वर्डेल त्याच्याभोवती आठवडाभर फिरला. गेलननं त्याला सगळं समजावून दिलं. नळी कुठून काढायची, भोक केवढं पाडायचं, सांध्याला कुठला तुकडा लागतो, वारा उलटा आला तर धूर आत येऊ नये म्हणून बाहेर कसली टोपी लावायची. त्यानं पुठ्ठ्यावर चित्र काढून दिलं. किंमत इंटरनेटवर जेवढी होती तेवढीच लावली, म्हणजे आमच्या हातात त्यात काहीही उरत नव्हतं.

"सहाशे," गेलन म्हणाला. "आणि वर कर."

"कर किती होतो?"

"एकोणचाळीस."

वर्डेल थोडा वेळ हीटरकडे बघत राहिला. "आणि कर नसता तर?"

"कर माझा नाही वर्डेल. तो मी कसा सोडणार?"

"नाही नाही. बरोबर आहे तुझं," वर्डेल म्हणाला. "विचार करतो."

तो दाराबाहेर पडल्यावर मी म्हटलं, "गेला एकोणचाळीस डॉलरसाठी." गेलननं ते हीटरवरचं पुसायचं फडकं नुसतं घडी करून ठेवलं. त्याला लागलं होतं. दुसऱ्या कुणी केलं असतं तर त्याला काही वाटलं नसतं, पण हा वर्डेल होता. ज्याच्या लग्नात तो नवरदेवाशेजारी साक्षीला उभा राहिला होता, ज्याच्या गोठ्याचं छप्पर वाऱ्यानं उडालं तेव्हा यानं दुकान बंद करून तिथे तीन दिवस काढले होते, तो.

डिसेंबराच्या सुरुवातीला वर्डेल सकाळी खोकं घेऊनच आला. तोच हीटर, तीच कंपनी. ते खोकं त्यानं कॉफीच्या टेबलाशेजारी जमिनीवर ठेवलं आणि टोपी काढून म्हणाला, "गेलन, यात नळीचा तुकडा बसत नाहीये. जरा बघतोस का?"

टेबलावर पाच-सहा जण होते. मायलो आपल्या पेल्यात बघायला लागला. गेलन काउंटरवरून उठलाही नाही. आयुष्यात कधी आवाज न चढवलेला माझा नवरा, त्यानं त्या दिवशीही आवाज चढवला नाही. नेहमीच्या आवाजात म्हणाला, "ज्यानं विकला त्याला विचार."

ताबोरला कुणी असं म्हटलं असतं तर समोरच्यानं खोकं काउंटरवर आपटलं असतं, दोघांची जुंपली असती, कुणीतरी मध्ये पडलं असतं आणि दुपारपर्यंत नळी बसली असती. वर्डेलनं टोपी डोक्यावर घातली. "खरंय," म्हणाला. "बरोबर आहे तुझं." खोकं उचललं, बाहेर नेऊन ट्रकच्या हौद्यात ठेवलं, परत आला आणि कॉफी प्यायला बसला. हवेबद्दल बोलला. त्या दिवशीही फाशांत तोच हरला.

घरी आल्यावर गेलनला जेवण गेलं नाही. मी म्हटलं, "बरं केलंस. कुणीतरी बोलायलाच हवं होतं." तो म्हणाला, "मी बोलायला नको होतं."

आता इथली एक रीत सांगायला हवी. इथे कुणी काही देऊ केलं तर पहिल्यांदा नको म्हणायचं. दुसऱ्यांदाही नको म्हणायचं, जरा मऊपणानं. तिसऱ्यांदा विचारलं की "बरं, तुला त्रास होणार नसेल तर" म्हणून घ्यायचं. कॉफीला असंच, केकच्या तुकड्याला असंच, बर्फात अडकलेली गाडी ओढून काढायलाही असंच. मी नवी नवरी होते तेव्हा सासूनं पहिल्यांदा भाजलेला बटाटा वाढू का विचारलं, मी हो म्हटलं, तर टेबलावरचे सगळे माझ्याकडे बघायला लागले. आणि पाहुण्याला एकदाच विचारून सोडून दिलं, तर ते न विचारल्यासारखंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी वर्डेल आला तसा गेलन स्वतः त्याच्याजवळ गेला. "ते हीटरचं," म्हणाला, "बसवून देऊ का?"

"नको रे. तुला दुकानाची कामं आहेत."

चार-पाच दिवसांनी, बाकीचे यायच्या आधी, गेलननं परत विचारलं. "रविवारी चर्चनंतर येतो तुझ्याकडे. हत्यारं घेऊन."

"नको, असू दे," वर्डेल म्हणाला. "बघतो मी कसं ते."

मी काउंटरवर होते. मला वाटलं, झालं, आता एकदा विचारलं की सुटलो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेलनला म्हटलं, "आज विचार."

"दोनदा विचारलं."

"म्हणूनच म्हणते. तिसऱ्यांदा विचार."

गेलन म्हणाला, "लिबी, माल त्यानं बाहेरून घेतला. नळी मी फुकट बसवून देतो म्हणालो, दोनदा म्हणालो. आता काय त्याच्या पाया पडू?" यांच्याकडे राग असा उशिरा येतो, सगळं संपलं असं वाटायला लागल्यावर. त्या सकाळी त्यानं विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी दुकानात गर्दी होती. मग नाताळ आला.

नाताळानंतर मायलोनं टेबलावर विचारलं, "काय वर्डेल, नवीन हीटर कसा आहे?"

"चांगला आहे," वर्डेल म्हणाला.

गेलननं माझ्याकडे बघितलं. बघ, बसवला त्यानं, असं त्या बघण्यात होतं. मला काही पटलं नाही. पण मला इथलं कुणाचंच बोलणं पटत नाही, म्हणून मी गप्प बसले.

जानेवारीच्या मध्यावर, सोमवारी, दुपारी दीडच्या सुमाराला आर्डिसचा फोन आला. आर्डिस म्हणजे वर्डेलची बायको. म्हणाली, "वर्डेल तुमच्याकडे आलाय का? जेवायला आला नाही अजून." तो सकाळीच तळ्यावर गेला होता. वर्डेल जेवायची वेळ चुकवत नसे, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. गेलन कोट न घालताच निघाला. मी मागून ओरडले, त्यानं वळूनही बघितलं नाही.

बाकीचं मला मायलोकडून कळलं, तो गेलनबरोबर गाडीत चढला होता. खोपीचं दार आतून लावलेलं होतं, वारा येऊ नये म्हणून फटीत चिंध्या कोंबलेल्या. गेलननं खांद्यानं दार तोडलं. आत वर्डेल खुर्चीत बसला होता, हातात गळाची दोरी होती, चेहरा लालबुंद होता, जिवंत माणसाचा असतो तसा. हीटर चालूच होता. मायलोनं वर्डेलला बाहेर ओढलं आणि हाका मारत राहिला. गेलन आत उभा राहून भिंतीकडे बघत होता. नळीचा सांधा नीट बसला नव्हता, म्हणून वर्डेलनं तिथे कपडे वाळवायच्या यंत्राची नळी जोडली होती आणि वरून चिकटपट्टी गुंडाळली होती. पट्टी उष्णतेनं सुटून लोंबत होती. सगळा विषारी धूर आतच राहिला होता, वर्डेल केव्हाच गेला होता. मायलो म्हणाला, "लिबी, मी गेलनला तीनदा हाक मारली, तो त्या सांध्यावरून हात काढेना."

त्या कामाला गेलनला पाच मिनिटं लागली असती. हवा तो तुकडा आमच्या दुकानात खुंटीला टांगलेला होता, चार डॉलरचा.

अंत्यविधीनंतर चर्चच्या तळघरात हॅमचे सँडविच आणि कॉफी. गेलन आर्डिसपाशी गेला आणि तिचा हात धरला. ती म्हणाली, "आलास, बरं वाटलं." एवढंच. त्यानंतर हिवाळाभर बर्फ पडला की तो पहाटे जाऊन तिच्या अंगणातला बर्फ काढायचा. एकदा ती दाराशी येऊन म्हणाली, "आत येतोस का, कॉफी आहे." तो नको म्हणाला. तिनं परत विचारलं नाही. घरी येऊन त्यानं हे मला सांगितलं आणि बुटाची नाडी सोडत तसाच बसून राहिला.

घरात आम्ही एकच गोष्ट बोलत होतो, तीही तोच बोलायचा. गाडी चालवताना, भांडी पुसताना, मध्येच. "तो नाहीच म्हणाला असता."

"काय?"

"तिसऱ्यांदा विचारलं असतं तरी. तो दुखावला होता. खरंच नको होतं त्याला. बसवलाच की त्यानं आपला आपण."

"हो," मी म्हणायची. "नाहीच म्हणाला असता."

आणखी काय म्हणणार? तेवढ्या एका वाक्यावर माझा नवरा उभा होता. ते काढून घेतलं असतं तर तो खाली बसला असता आणि मला उठवता आला नसता. त्या दिवसांत मला दुकानाचीही काळजी राहिली नव्हती. मला फक्त कुणी आर्डिसला काही विचारू नये एवढंच वाटायचं.

जूनमध्ये वॉशिंग्टनचा निकाल आला. राज्य जिंकलं. यापुढे बाहेरच्यांनीही कर घ्यायचा. रेडिओवर बातमी लागली तेव्हा सकाळचं टेबल भरलेलं होतं. मायलो म्हणाला, "आज फासे नकोत, सगळ्यांची कॉफी माझ्याकडून." एकेक जण उठून गेलनचा हात हातात घेऊन गेला. पेपरची एक मुलगी फोटो काढायला दुपारी येते म्हणून फोन आला. गेलन म्हणाला, "बरं झालं," आणि खिळ्यांचे खण लावायला लागला, जे आधीच लावलेले होते.

तेवढ्यात आर्डिस आली. मुरंब्याच्या बरण्यांची झाकणं हवी होती तिला, बागेतले रुबार्बचे आंबट देठ तयार झाले होते. टेबल गप्प झालं. मायलोला गप्प बसवत नाही, हा त्याचा मोठा दोष. म्हणाला, "आर्डिस, ऐकलंस का? निकाल लागला. गेलन जिंकला."

"ऐकलं गाडीत," आर्डिस म्हणाली. "छान झालं. वर्डेल म्हणायचाच, गेलनचं खरं आहे, फक्त मी त्याला सांगणार नाही." ती जराशी हसली. मी झाकणांचा डबा काढून काउंटरवर ठेवला.

गेलन खिळ्यांपासून उठून काउंटरशी आला. सगळ्यांसमोर. सरळ प्रश्न म्हणून त्यानं आयुष्यात कुणाला विचारला नसेल, मलासुद्धा नाही. म्हणाला, "आर्डिस, मी त्याला तिसऱ्यांदा विचारलं असतं, तर तो हो म्हणाला असता का?"

मी तिच्याकडे बघितलं. खोटं बोल, असं मी मनात म्हणत होते, बाई, तुला काय जातंय, खोटं बोल. पण ही माणसं गप्प बसतील, खोटं बोलणार नाहीत.

आर्डिस डब्यावर हात ठेवून उभी राहिली. "खोकं ट्रकमध्येच होतं," ती म्हणाली. "हौद्यात, ताडपत्रीखाली. रोज सकाळी घेऊन यायचा इथे. आज गेलन विचारेल, म्हणायचा. मी म्हटलं, तूच विचार की. तर म्हणाला, बाहेरून घेतलंय मी, कुठल्या तोंडानं विचारू? तो विचारेल. घरी आला की मी बघायची, खोकं तसंच." तिनं डबा जरा जवळ ओढला. "मायलोला चांगला आहे म्हणून सांगितलं त्यानं, कारण इथे काय सांगणार? खोपीत ब्लँकेट गुंडाळून बसायचा. त्या शनिवारी म्हणाला, आता नाही विचारणार तो. आणि रविवारी चर्चनंतर स्वतःच बसवला."

गेलन म्हणाला, "बरं." त्यानं झाकणांचं बिल केलं, कर धरून, पैसे घेतले, सुटे परत दिले. डबा कागदी पिशवीत घातला आणि पिशवी तिच्या हातात न देता स्वतःच घेतली. तिच्यामागून बाहेर गेला.

मी खिडकीपाशी गेले. ती हल्ली वर्डेलचाच ट्रक चालवते. तिनं दार उघडून आत बसून पिशवी घेतली. गेलन मागं गेला आणि हौद्याच्या कडेला दोन्ही हात ठेवून आत बघत उभा राहिला. हौदा रिकामा होता. आर्डिसनं गाडी सुरू केली, आरशातून मागं बघितलं आणि तशीच थांबली. तो तिथून हलल्याशिवाय तिला गाडी मागं घेता येत नव्हती, आणि तो हलत नव्हता.